अपग्रेडनंतर फोटो सॉफ्टवेअर रेंगाळतंय? आधी ते कुणासाठी खोळंबलंय ते बघा

कालपर्यंत बोटाच्या इशाऱ्यावर चालणारं फोटो सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली की अडखळायला लागतं, ही तक्रार विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आहे. थंबनेल करड्या चौकटींतून सावकाश उगवतात. एक्सपोजरचा स्लायडर ओढला तर हात पुढे जातो आणि चित्र मागून येतं. एक्सपोर्टला लावलेले फोटो संपता संपत नाहीत. मग माणूस हाताला लागेल ते करत सुटतो. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो, कॅशे (पुन्हा लागेल म्हणून साठवलेली तात्पुरती माहिती) पुसतो, कुठला तरी 'क्लीनर' डाउनलोड करतो, रॅम वाढवायची चौकशी करतो. यातल्या बऱ्याच गोष्टी निरुपयोगी असतात आणि काही तर अंगाशी येतात.

नुसतं 'स्लो झालंय' यावरून काहीच ठरवता येत नाही. सॉफ्टवेअर रेंगाळताना दिसतं तेव्हा बहुतेक वेळा ते कशाची तरी वाट बघत असतं. डिस्कवरून फाइल यायची, प्रोसेसर मोकळा व्हायची, ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवून द्यायची, नाहीतर इंटरनेटवरून फोटो उतरायची. खोळंबा नेमका कुठे आहे एवढं सापडलं की अर्धं काम झालं.

एका क्लिकच्या पोटात

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल घेऊ. डिस्कवर ती साधारण २५ ते ३० एमबीची. तिच्यावर क्लिक केलं की सॉफ्टवेअर आधी आपल्या कॅटलॉगमध्ये डोकावतं: फाइल कुठे आहे, तिच्यावर आधी काय काय संपादन केलंय. लाइटरूम क्लासिक काय किंवा डार्कटेबल काय, दोघांचाही कॅटलॉग म्हणजे एक एसक्यूलाइट डेटाबेस असतो आणि त्यात सतत बारीकसारीक लिहिणं-वाचणं चालू असतं. मग मूळ फाइल डिस्कवरून उचलायची. रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलपाशी लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद असते. उरलेले दोन रंग आजूबाजूच्या पिक्सेलवरून गणित करून काढावे लागतात.

हे सगळं मेमरीत उलगडलं की फाइल फुगते. ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे झाले १४४ एमबी. डार्कटेबल तर प्रत्येक पिक्सेलसाठी चार आकडे ठेवतं आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट देतं. तिथे हाच फोटो ३८४ एमबीवर जातो, तोही एका टप्प्याचा. त्यावर लेन्सची दुरुस्ती, नॉइज कमी करणं, रंगांचं रूपांतर आणि शेवटी ग्राफिक्स कार्डामार्फत स्क्रीनवर. स्क्रीन फोर-के असेल तर जवळपास ८३ लाख पिक्सेल रंगवायचे. फुल एचडीला तेच काम २१ लाखांत भागतं.

म्हणून 'बाकी सगळं तर मस्त चालतंय, हेच एक अडतंय' या म्हणण्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. ब्राउझर आणि ईमेल संगणकाचा एखादाच भाग वापरतात. फोटो सॉफ्टवेअर डिस्क, प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड चौघांनाही एकदम कामाला लावतं. अपग्रेडने यांतल्या एकाची घडी विस्कटली तरी पहिली बोंब इथेच होते.

पहिले काही दिवस: थांबा

कंटाळवाणा सल्ला आहे, पण सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारा हाच. अपग्रेडची पट्टी १०० टक्क्यांवर पोचली आणि डेस्कटॉप दिसला म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पडद्यामागे बरंच काही बाकी असतं.

मॅकवर स्पॉटलाइट बऱ्याचदा सगळ्या डिस्कची अनुक्रमणी नव्याने करायला घेतं. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून प्रोसेसरच्या रकान्याप्रमाणे यादी लावली की 'एमडीएस', 'एमडीएस स्टोअर्स', 'एमडीवर्कर' अशी नावं वर दिसतात, ती याचीच. त्यांच्या जोडीला 'फोटोअ‍ॅनालिसिसडी' आणि 'मीडियाअ‍ॅनालिसिसडी' असतील तर अ‍ॅपलचं फोटोज अ‍ॅप तुमच्या संग्रहातले चेहरे, वस्तू, प्रसंग ओळखायला बसलंय. नव्या आवृत्तीत ओळखण्याची पद्धत बदलली असेल तर जुने फोटोही पुन्हा पहिल्यापासून तपासले जातात. पन्नास हजार फोटो असतील तर हे काम एका रात्रीत होत नाही. आणि गंमत अशी की फोटोज अ‍ॅप बंद आणि चार्जर जोडलेला असतानाच ही मंडळी मन लावून काम करतात. आपण मात्र 'अजून स्लो आहे का?' हे बघायला दर तासाला अ‍ॅप उघडतो आणि त्यांचं काम लांबवतो. रात्री अ‍ॅप बंद करा, चार्जर लावा आणि संगणक चालू राहू द्या. दोन-तीन रात्रींत फरक पडतो. ही प्रक्रिया जबरदस्तीने बंद केली तर थोड्या वेळाने ती आपली आपण पुन्हा सुरू होते, त्यामुळे तो खेळ खेळू नका.

विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये हेच दोन नावांनी दिसतं: 'सर्च इंडेक्सर' आणि 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल'. पहिला शोधासाठी अनुक्रमणी करतो. दुसरा म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस. सेटिंग्जमध्ये सर्चच्या पानावर अनुक्रमणीतल्या किती नोंदी झाल्या आणि किती बाकी आहेत याचे आकडे दिसतात. बाकीचा आकडा कमी होत असेल तर यंत्रणा ठीक आहे, तिला वेळ द्या. तो दोन दिवस तिथल्या तिथेच अडकला असेल तर त्याच भागात अनुक्रमणी नव्याने करण्याची सोय आहे, ती वापरा. लिनक्सवर केडीई वापरत असाल तर 'बालू', ग्नोम वापरत असाल तर 'ट्रॅकर' (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'लोकलसर्च') हेच उद्योग करतात.

थांबायचं किती? माझं मत: साधारण आठवडाभर, तेसुद्धा मागचं काम पुढे सरकताना दिसत असेल तर. प्रोसेसर आणि डिस्क शांत आहेत, पडद्यामागे कुणी काही करत नाहीये, आणि तरीही स्लायडर अडखळतोय, तर थांबून काही हाती लागणार नाही. मग पुढे वाचा.

कुठे अडतंय, ते कसं बघायचं

टास्क मॅनेजर किंवा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर स्क्रीनच्या एका कोपऱ्यात उघडा ठेवा आणि फोटो सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच करा जे अडतंय. थंबनेल सरकवताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांला चिकटतो आणि प्रोसेसर निवांत असतो? मग डिस्क. स्लायडर ओढताना प्रोसेसर वर उसळतो आणि ग्राफिक्स कार्डाचा आलेख जमिनीला चिकटलेला राहतो? मग ग्राफिक्स कार्डाला कामच मिळत नाहीये. मॅकवर मेमरी प्रेशरचा आलेख हिरव्याचा पिवळा किंवा लाल होतो? मग रॅम अपुरी पडतेय. डिस्क, प्रोसेसर, ग्राफिक्स सगळे शांत आणि नेटवर्क मात्र धावतंय? तर फोटो तुमच्या संगणकावर नाहीतच. ते क्लाउडवरून येतायत.

काहीही बदलण्याआधी एक मोजमाप घेऊन ठेवा. ठरावीक वीस-पंचवीस फोटो एका फोल्डरमध्ये एक्सपोर्ट करा आणि घड्याळ लावा. पुढचा प्रत्येक उपाय केल्यावर तेच फोटो, त्याच सेटिंगवर. 'आता जरा बरं वाटतंय' या वाटण्यावर विसंबू नका. रीस्टार्ट केल्यावर कुठलाही संगणक तासभर बराच वाटतो. आणि एका वेळी एकच बदल. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि फरक पडला तर कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

रॅमचं प्रकरण थोडक्यात. मेमरी खरोखर कमी पडत असेल तर उपाय दोनच, एकतर बाकीची अ‍ॅप बंद करा किंवा रॅम वाढवा. नवी ऑपरेटिंग सिस्टिम जुनीपेक्षा थोडी जास्त मेमरी खाते हे खरं आहे, त्यामुळे आधीच काठावर असलेला संगणक अपग्रेडनंतर काठ ओलांडतो.

लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट अर्ध्या मिनिटात तपासून टाका. अपग्रेडनंतर पॉवर मोड बॅटरी वाचवण्याकडे झुकलेला आहे का? तसं असेल तर प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवला जातो, आणि आपण भलत्याच गोष्टींना दोष देत बसतो.

ग्राफिक्स कार्ड

थांबूनही न सुटलेल्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

विंडोजच्या अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलू शकतो. कधी उत्पादकाचा ड्रायव्हर जाऊन विंडोज अपडेटकडचा जुना ड्रायव्हर येतो, तर कधी ड्रायव्हरच बसत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्सच्या खाली बघा. तिथे तुमच्या कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं दिसलं तर सगळं कोडं तिथेच सुटलं. तो कामचलाऊ ड्रायव्हर आहे. स्क्रीनवर चित्र दाखवतो, पण कार्डाची ताकद वापरत नाही. एन्व्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या अधिकृत साइटवरून नव्या सिस्टिमसाठीचा ड्रायव्हर उतरवून घ्या. एन्व्हिडियाकडे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. फोटोच्या कामासाठी स्टुडिओ घ्यावा, कारण तो अशाच सॉफ्टवेअरवर तपासून काढलेला असतो. लॅपटॉपसाठी आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर बघितलेलं बरं.

दुसरा प्रकार जरा फसवा आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक प्रोसेसरमधलीच काटकसरी आणि दुसरी वेगळी, ताकदवान. कुठल्या अ‍ॅपने कुठली वापरायची हे विंडोज ठरवतं आणि अपग्रेडमध्ये तो हिशेब पुसला जाऊ शकतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन आलेख दिसतात. स्लायडर जोरात डावी-उजवीकडे ओढा आणि दोन्हींकडे बघा. ताकदवान चिपचा आलेख शून्यावर सपाट आणि दुसरी घामाघूम, असं दिसलं तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स इथे जा, फोटो सॉफ्टवेअर निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' ठरवा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. एवढंच.

सॉफ्टवेअरच्या आतही बघावं लागतं. ग्राफिक्स कार्डाशी जुळत नाही असं वाटलं की ही सॉफ्टवेअरं गुपचूप त्याचा वापर थांबवतात आणि सगळं ओझं प्रोसेसरवर टाकतात. धडधडीत इशारा देतीलच असं नाही. लाइटरूम क्लासिकमध्ये प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स टॅबवर कार्डाचं नाव आणि ते वापरात आहे की नाही हे लिहिलेलं असतं. तिथेच एक सोपी चाचणी करता येते. कार्डाचा वापर पूर्ण बंद करा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा आणि तोच फोटो संपादित करून बघा. बंद केल्यावर काम सुधारलं तर ड्रायव्हर बिघडलेला आहे. काहीच फरक पडला नाही तर कार्ड आधीही वापरलं जात नसणार. आणखी बिघडलं तर कार्ड बिचारं आपलं काम करत होतं, दोषी दुसरीकडे शोधा.

डार्कटेबलवाल्यांसाठी वेगळी नोंद. ते ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करून घेण्याची पद्धत) वापरतं, आणि ड्रायव्हर बदलला की आपली कार्डावर चालवायची सगळी गणितं नव्याने कंपाइल करून साठवून ठेवतं. त्यामुळे अपग्रेडनंतर पहिल्यांदा उघडताना ते बराच वेळ घेतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वेळीही तसंच झालं तर टर्मिनलमध्ये 'डार्कटेबल-सीएलटेस्ट' ही आज्ञा चालवा, कार्ड सापडतंय की नाही ते ती स्पष्ट सांगते. लिनक्सवर अपग्रेडनंतर एन्व्हिडियाचा मूळ ड्रायव्हर नव्या कर्नलवर न बसता 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर त्याच्या जागी येणं हा नेहमीचा प्रकार आहे. स्क्रीन छान दिसते, ओपनसीएल मात्र गायब.

मॅकवर ड्रायव्हर वेगळा टाकायची भानगड नाही, तो सिस्टिमबरोबरच येतो. तिथली अडचण वेगळी. २०१८ च्या मोहावे या मॅक सिस्टिमपासून अ‍ॅपलने कार्डाशी बोलण्याच्या ओपनजीएल आणि ओपनसीएल या जुन्या पद्धती निवृत्तीच्या यादीत टाकल्या आणि मेटल या स्वतःच्या पद्धतीची कास धरली. फोटो सॉफ्टवेअरची तुमच्याकडची आवृत्ती बरीच जुनी असेल आणि ती अजून जुन्या पद्धतीनेच कार्डाशी बोलत असेल, तर नव्या सिस्टिमवर तिचे हाल होतात. इथे सॉफ्टवेअर अपडेट करण्याशिवाय मार्ग नाही.

क्लाउडने फोल्डर उचलून नेलं तर

हा प्रकार लवकर लक्षात येत नाही, कारण वरवर काहीच बदललेलं दिसत नाही. विंडोज अपग्रेडनंतर सुरुवातीचे जे प्रश्न विचारतं त्यात फोल्डरांचा वनड्राइव्हवर बॅकअप घेण्याची सूचना असते. घाईत 'पुढे, पुढे' दाबत गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरं वनड्राइव्हच्या पोटात जातात. आणि लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग मुळात राहतो कुठे? पिक्चर्समध्ये.

आता काय होतं बघा. तुम्ही एका फोटोला तारे देता, कॅटलॉगची फाइल बदलते. वनड्राइव्हला वाटतं, नवी फाइल आली, चला वर पाठवू. ती फाइल असते शेकडो एमबीची, कधी जीबीची. ती वर जातेय तोवर तुम्ही दुसऱ्या फोटोला तारे दिलेले असतात. कॅटलॉगशेजारीच प्रीव्ह्यूचं फोल्डर असतं आणि त्यात हजारो बारक्या फाइली. त्याही एकेक करून वर पाठवायच्या. डिस्क आणि नेटवर्क दोघंही दमतात, आणि लाइटरूम व वनड्राइव्ह एकाच फाइलवर हात ठेवून उभे राहतात. यात वेग तर जातोच. उघडा डेटाबेस असा अर्धवट सिंक होणं कॅटलॉगच्या तब्येतीलाही धोक्याचं आहे.

उलट बाजूने दुसरा त्रास. जागा वाचवण्यासाठी मूळ फोटो फक्त क्लाउडवर ठेवून संगणकावर नुसती खूण ठेवायची सोय या सेवांमध्ये असते. एक्सप्लोररमध्ये फाइलच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल इथे नाही. तुम्ही क्लिक करेपर्यंत ती उतरवलीच जात नाही, आणि तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअर हँग झालं. मॅकच्या फोटोज अ‍ॅपमधला स्टोरेज 'ऑप्टिमाइझ' करण्याचा पर्याय हेच करतो.

उपाय सरळ आहे. सॉफ्टवेअर बंद करा. कॅटलॉगचं पूर्ण फोल्डर, प्रीव्ह्यूसकट, क्लाउडच्या बाहेरच्या साध्या फोल्डरमध्ये हलवा, उदाहरणार्थ सी ड्राइव्हवर थेट बनवलेल्या. मग तिथल्या कॅटलॉगच्या फाइलवर डबल-क्लिक करून तो उघडा. मूळ फोटोही हलवायचे असतील तर ते लाइटरूमच्या आतूनच हलवा, म्हणजे फोटो हरवल्याचे प्रश्नचिन्ह उमटणार नाहीत. क्लाउडवर बॅकअप हवाच असेल तर कॅटलॉगचा स्वतःचा बॅकअप, म्हणजे लाइटरूम बंद होताना बनवतं ती झिप फाइल, तेवढी त्या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

डिस्क

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सिस्टिम असलेल्या जुन्या मॅकचं दुखणं खास आहे. २०१७ च्या हाय सिएराने एपीएफएस ही नवी फाइल व्यवस्था आणली आणि मोहावेने ती हार्ड डिस्क आणि फ्यूजन ड्राइव्हवरही लागू केली. ही व्यवस्था एसएसडीसाठी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कसाठी, घडवलेली. बदललेली माहिती ती जुन्याच जागी न लिहिता नव्या जागी लिहिते. एसएसडीला त्याचं काही वाटत नाही. तबकडीच्या डिस्कवर मात्र वाचणारा काटा दर वेळी इकडून तिकडे न्यावा लागतो, आणि अशा उड्या तो सेकंदाला शे-दीडशेच मारू शकतो. तिथे सेटिंग्ज कितीही घुसळल्या तरी लोणी निघत नाही. सिस्टिम आणि कॅटलॉग एसएसडीवर न्या. जुने मूळ फोटो हार्ड डिस्कवर राहिले तरी चालतं. विंडोज ११ सुद्धा तबकडीच्या डिस्कवर असंच धापा टाकतं.

बाहेरची डिस्क वापरत असाल तर एक बारकावा. अपग्रेडआधी खबरदारी म्हणून आपण सगळ्या वायरी काढतो आणि नंतर मिळेल त्या पोर्टात खोचतो. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात, जुन्या हबमध्ये किंवा चार्जरबरोबर आलेल्या वायरीवर गेली की सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर काही येत नाही. म्हणजे एका रॉ फाइलला जवळपास सेकंद, आणि हजार फोटोंचे प्रीव्ह्यू बनवायचे तर नुसतं वाचण्यातच पाव तास. तीच डिस्क योग्य वायरीने यूएसबी ३ वर लावली की अपग्रेडला दिलेले शिव्याशाप परत घ्यावे लागतात.

मोकळी जागाही बघा. विंडोज जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये जपून ठेवतं आणि ती बरीच जीबी अडवते. एसएसडी काठोकाठ भरली की ती मंदावते, आणि फोटो सॉफ्टवेअरला कॅशेसाठी ऐसपैस जागा लागते. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी असावी. लाइटरूमचा कॅमेरा रॉ कॅशे अगदी लहान ठेवला असेल तर तो २० जीबीपर्यंत वाढवून बघा.

विंडोजचा अँटीव्हायरस प्रत्येक प्रीव्ह्यू फाइल उघडताना ती तपासतो, हेही डिस्कच्याच खात्यात येतं. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू यांचं फोल्डर तपासणीतून वगळता येतं. पण तेवढंच वगळा. डाउनलोडचं फोल्डर किंवा अख्खी ड्राइव्ह वगळणं म्हणजे वेगासाठी घराची दारं सताड उघडी टाकणं.

सॉफ्टवेअरच म्हातारं झालं असेल तर

अ‍ॅपलने २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले तेव्हापासून इंटेलसाठी लिहिलेली अ‍ॅप त्यांच्यावर रोझेटा २ या दुभाष्यामार्फत चालतात. दुभाषा चांगला आहे, तरी प्रत्येक गोष्ट त्याच्या तोंडून यायची म्हणजे थोडा वेळ जाणारच. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'काइंड' रकाना दाखवला की तिथे अ‍ॅपसमोर इंटेल लिहिलंय की अ‍ॅपल ते दिसतं. इंटेल असेल तर त्याच सॉफ्टवेअरची अ‍ॅपल चिपसाठीची आवृत्ती निघाली आहे का बघा. नामांकित फोटो सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती बहुधा निघालेली असते. कधी कधी मुख्य अ‍ॅप नवं असतं आणि एखादं जुनं प्लगइन त्याला रोझेटात ओढून नेतं. प्लगइन सगळी बंद करून एकदा बघणं म्हणूनच फायद्याचं.

काही वेळा वेगाचा प्रश्नच उरत नाही. २०१९ च्या कॅटलिनाने ३२ बिट अ‍ॅप चालवणं बंद केलं आणि अ‍ॅपलचं स्वतःचं अ‍ॅपर्चर हे फोटो सॉफ्टवेअरही कॅटलिनावर चाललं नाही. अपग्रेडआधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची सुसंगततेची यादी वाचायची सवय तेव्हा अनेकांना लागली असावी.

राहिली किरकोळ डागडुजी. प्रेफरन्सेसची फाइल बिघडलेली असू शकते. तिचं नाव बदलून ठेवा, सॉफ्टवेअर नवी बनवून घेईल, आणि फरक न पडल्यास जुनी परत आणता येईल. नुसतं काढून पुन्हा टाकल्याने ही फाइल बहुतेकदा तशीच राहते, म्हणून रीइन्स्टॉलचा उपाय इतक्या वेळा वाया जातो. लाइटरूममध्ये कॅटलॉग ऑप्टिमाइझ करण्याची आज्ञा आहे. मॅकच्या फोटोजमध्ये कमांड आणि ऑप्शन ही बटणं दाबून अ‍ॅप उघडलं की संग्रह दुरुस्त करायचा पर्याय येतो. बॅकअप घेऊनच तो वापरा. प्रीव्ह्यू आणि कॅशे पुसण्याच्या मात्र मी विरोधात आहे. तो बिघडल्याची खूण दिसत नसेल, म्हणजे काळे चौकोन, भलतेच थंबनेल असं काही नसेल, तर पुसून तुम्ही संगणकाला हजारो फोटोंचं काम पुन्हा नेमून देता, आणि तेही तो आधीच दमलेला असताना. क्लीनर सॉफ्टवेअर तर मुळीच नको.

सिस्टिमचाच दोष असेल तर

असंही होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवर कॅशे मेमरी गाठायला लागणारा वेळ जवळपास तिप्पट झाला होता. काही अ‍ॅप ३ ते ५ टक्के मंदावतील हे एएमडीने स्वतःच जाहीर केलं. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण तोवर वापरणाऱ्यांनी सेटिंग्ज कितीही उलटसुलट केल्या तरी हाती काही लागणार नव्हतं. वरचं सगळं तपासूनही वेग परत येत नसेल तर पहिल्या एक-दोन छोट्या अपडेटची वाट बघा, दोन्ही बाजूंच्या: सिस्टिमच्याही आणि फोटो सॉफ्टवेअरच्याही.

काम अडलंय आणि तेवढा धीर नाही, तर परत फिरायचा रस्ता विंडोजवर साधारण १० दिवस उघडा असतो. जुनी सिस्टिम त्यानंतर पुसली जाते. जागा हवी म्हणून तुम्ही ती आधीच पुसलीत तर रस्ता तिथेच बंद. म्हणजे जागा मोकळी करण्याची घाई आणि परत फिरण्याची सोय यांतून एकच निवडावी लागते. मॅकवर मागे जायचं म्हणजे डिस्क पुसून जुनी सिस्टिम नव्याने टाकायची, आणि नव्या फोटोजने एकदा आपल्या पद्धतीत बदललेला संग्रह जुनं फोटोज उघडत नाही. लाइटरूमची नवी आवृत्ती कॅटलॉगचं रूपांतर करताना जुना कॅटलॉग शाबूत ठेवते, पण रूपांतरानंतर केलेलं संपादन त्या जुन्यात नसतं. म्हणून परत फिरायचं ठरलंच तर लवकर ठरवा, आणि निघण्याआधी आजच्या तारखेचा कॅटलॉग व अपग्रेडआधीचा कॅटलॉग, दोन्हींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवा.